रोमच्या जुन्या पाइपलाइनीत पाणी नेमकं कुठं मुरतंय, हे एका सेनापतीनं शोधून काढलं होतं

शहराला पाणी कमी पडायला लागलं की पहिली मागणी ठरलेली असते. नवीन धरण बांधा, नवीन योजना आणा. जमिनीखालच्या जुन्या पाइपलाइनीचं नाव सहसा कुणी घेत नाही, कारण ती दिसतच नाही. दिसते तेव्हा ती फुटलेली असते, भर रस्त्यात कारंजं उडत असतं आणि मागं गाड्यांची रांग लागलेली असते.

आता हा प्रश्न काही आजचा नाही. साधारण १९०० वर्षांपूर्वी रोम शहरात अगदी हेच चाललं होतं. तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्यांपैकी एक, नावाजलेली पाणीपुरवठा व्यवस्था आणि तरीही लोकांची ओरड एकच, पाणी पुरत नाही.

त्या वेळी सम्राटानं या खात्यावर एका माणसाला बसवलं. हा माणूस इंजिनिअर नव्हता, प्लंबर नव्हता. तो होता साठीला टेकलेला एक निवृत्त सेनापती. त्यानं नवीन धरण मागितलं नाही, नवीन जलवाहिनी मागितली नाही. त्यानं आधी खात्याची जुनी दप्तरं मागवली आणि मग मोजपट्टी घेऊन स्वतः शहराबाहेर पडला.

त्याचं नाव सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस.

कोण होता हा फ्रॉन्टिनस?

फ्रॉन्टिनसचा जन्म इ.स. ३५ ते ४० च्या दरम्यानचा मानला जातो. त्याच्या लहानपणाबद्दल फारसं काही हाती लागत नाही. तो इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो इ.स. ७० मध्ये. तेव्हा तो रोममध्ये प्रेटर, म्हणजे न्यायदानाचं काम बघणारा मोठा अधिकारी होता. सम्राट नीरोच्या मृत्यूनंतर रोममध्ये यादवी माजली होती आणि नवा सम्राट व्हेस्पाशियन अजून शहरात पोहोचलाही नव्हता. अशा वेळी सिनेटची बैठक बोलावण्याची जबाबदारी फ्रॉन्टिनसवर होती.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तो कॉन्सल झाला. कॉन्सल म्हणजे रोमच्या राज्यव्यवस्थेत सम्राटाखालोखाल मानाचं पद. त्यानंतर इ.स. ७४ च्या सुमारास त्याला ब्रिटनचा गव्हर्नर म्हणून पाठवण्यात आलं. आजच्या वेल्सच्या दक्षिण भागात सिल्युरेस नावाची टोळी रोमन फौजांना वर्षानुवर्षं जेरीस आणत होती. डोंगराळ मुलूख आणि गनिमी पद्धतीनं लढणारी माणसं. फ्रॉन्टिनसनं या टोळीला नमवलं. तिथून परतल्यावर पुढं तो आशिया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाचा गव्हर्नर झाला.

या सगळ्यात त्याला एक सवय होती, ती म्हणजे लिहून ठेवायची. त्यानं लष्करी डावपेचांवर एक ग्रंथ लिहिला. जमीन मोजणीवरही लिहिलं. जे काम हातात येईल ते मुळापासून समजून घ्यायचं आणि पुढच्या माणसासाठी कागदावर उतरवायचं, हा त्याचा स्वभाव होता. हाच स्वभाव नंतर रोमच्या पाण्याच्या कामी आला.

सम्राट डोमिशियनची कारकीर्द दहशतीची होती. इ.स. ९६ मध्ये त्याची हत्या झाली आणि वयस्कर नर्व्हा सम्राट झाला. नर्व्हाला खात्यांची साफसफाई करायची होती. इ.स. ९७ मध्ये त्यानं फ्रॉन्टिनसला बोलावलं आणि 'क्युरेटर अक्वारुम' हे पद दिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर शहराच्या पाणीपुरवठा विभागाचा प्रमुख.

रोमला पाणी यायचं कसं?

पुढची गोष्ट समजायची तर आधी रोमची व्यवस्था समजून घेऊ.

रोम शहर वसल्यापासून जवळपास साडेचारशे वर्षं लोक टायबर नदीचं, विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी वापरत होते. इ.स.पू. ३१२ मध्ये आपिया ही पहिली जलवाहिनी बांधली गेली. त्यानंतर भर पडत गेली आणि फ्रॉन्टिनसच्या काळापर्यंत अशा ९ जलवाहिन्या झाल्या. आपिया, जुनी आनियो, मार्किया, टेपुला, युलिया, व्हिर्गो, अल्सिएटिना, क्लाउडिया आणि नवी आनियो.

जलवाहिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर त्या उंच दगडी कमानी येतात. पण बहुतेक जलवाहिन्यांचा मोठा भाग जमिनीखालून यायचा. कमानी फक्त सखल भाग ओलांडण्यापुरत्या. पंप वगैरे काही नाही, सगळा कारभार उतारावर. डोंगरातल्या झऱ्यापासून किंवा नदीपासून बांधीव पाटातून पाणी शहरापर्यंत यायचं, वाटपाच्या टाकीत पडायचं आणि तिथून शिशाच्या पाइपांमधून हौद, कारंजी, स्नानगृहं आणि खासगी घरांपर्यंत जायचं. फ्रॉन्टिनसच्या नोंदीप्रमाणे शहरात अशा २४७ टाक्या आणि ५९१ सार्वजनिक हौद होते.

सामान्य माणूस हौदावरून पाणी भरायचा. घरात कनेक्शन हवं असेल तर सम्राटाची लेखी परवानगी लागायची. ही परवानगी माणसाच्या नावावर मिळायची. घर विकलं किंवा मालक मेला की ती संपली, नवीन मालकानं पुन्हा अर्ज करायचा.

ऐकायला व्यवस्था चोख वाटते. मग पाणी जात कुठं होतं?

हिशोबच लागेना

फ्रॉन्टिनसनं पदावर बसल्यावर आधी दप्तर काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं. खात्याचा प्रमुख जर आपल्या हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालत असेल तर त्याच्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. हाताखालची माणसं लागतातच, पण काम काय आहे हे साहेबाला स्वतःला कळलं पाहिजे.

रोममध्ये पाणी 'क्विनारिया' या एककात मोजायचे. क्विनारिया म्हणजे साधारण २.३ सेंटीमीटर व्यासाचा पाइप. एखाद्याला किती क्विनारिया पाणी मंजूर आहे, यावर त्याच्या कनेक्शनचा आकार ठरायचा.

आता दप्तरातला आकडा बघा. सगळ्या जलवाहिन्यांतून मिळून पाणी येतं १२,७५५ क्विनारिया. आणि वाटलं जातं १४,०१८ क्विनारिया. म्हणजे जेवढं आलं त्यापेक्षा १,२६३ क्विनारिया जास्त वाटलं!

तिजोरीत जमा बारा रुपये आणि खर्च चौदा, असं कुणी हिशोबात दाखवलं तर आपण काय म्हणू? फ्रॉन्टिनसलाही तेच वाटलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग तो स्वतः जलवाहिन्यांच्या उगमापर्यंत गेला आणि तिथं मोजमाप केलं. तिथं दुसरा धक्का बसला. एकट्या मार्किया जलवाहिनीचं उदाहरण घ्या. दप्तरात नोंद २,१६२ क्विनारिया, उगमाशी मोजलं तर ४,६९०. दुपटीहून जास्त. सगळ्या जलवाहिन्यांचा हिशोब केल्यावर दप्तरात दाखवल्यापेक्षा जवळपास १०,००० क्विनारिया पाणी जास्त निघालं.

थोडक्यात काय, तर रोमला पाणी कमी नव्हतं. ते शहरात पोहोचायच्या आधी आणि पोहोचल्यावर गायब होत होतं.

जुन्या पाइपाच्या आडून चोरी

पाणी गायब होण्याची कारणं दोन होती, म्हातारपण आणि चोरी. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही एकमेकांना धरून चालत होती.

जलवाहिन्या जुन्या झाल्या होत्या. आपिया तर चारशे वर्षांची होती. पाण्यातल्या क्षारांचे थर आतून साचून कडक व्हायचे आणि वाट अरुंद करायचे. आतलं अस्तर तडकलं की गळती सुरू. डोंगराच्या कडेनं जाणारे, नदी ओलांडणारे आणि कमानींवरचे भाग सगळ्यात आधी खचायचे. जमिनीखालचे भाग मात्र उन्हा-थंडीपासून वाचलेले असल्यामुळे जास्त टिकायचे. याशिवाय काही ठिकाणी मुळातलं बांधकामच निकृष्ट होतं आणि फ्रॉन्टिनसच्या नोंदीप्रमाणे हे नव्या कामांमध्ये जास्त दिसायचं.

आता जिथं गळती नेहमीचीच असते, तिथं पाणी कमी आलं तर कुणी प्रश्न विचारत नाही. पाइप जुना आहे, गळत असेल, एवढं उत्तर पुरतं. याच उत्तराच्या आड चोरी लपली होती.

शहराबाहेर जलवाहिनीच्या शेजारचे शेतमालक पाटालाच भोक पाडून बागांना पाणी घेत होते. शहरात तर खात्यातलीच माणसं सामील होती. त्यांच्या युक्त्या वाचल्या की आजचा माणूसही हसेल.

पहिली युक्ती आकाराची. रोममध्ये पाइपांचे २५ प्रमाणित आकार होते, त्यातले १५ वापरात होते. कर्मचाऱ्यांनी त्यातल्या काही आकारांत फेरफार केला होता. मोठ्या मापाचे पाइप, ज्यांतून पाणी घ्यायचं, ते ठरल्यापेक्षा मोठे. ज्यातून गिऱ्हाइकाला द्यायचं, तो ठरल्यापेक्षा लहान. घेताना एक माप, देताना दुसरं. मधला फरक खिशात.

दुसरी युक्ती तोटीची. टाकीतून कनेक्शन निघतं तिथं ब्रॉन्झची तोटी बसवायचा नियम होता. शिसं मऊ असतं, ठोकून वाकवून त्याचं भोक मोठं करता येतं, ब्रॉन्झचं तसं होत नाही. तोटीची लांबी किमान १२ अंगुळं, म्हणजे साधारण २२ सेंटीमीटर आणि तिच्यावर अधिकृत शिक्का. पुढं ५० फुटांपर्यंत पाइपही त्याच आकाराचा हवा. प्रत्यक्षात काही तोट्यांवर शिक्काच नव्हता. काहींवर शिक्का होता, पण तोटी संपली की लगेच जाडजूड पाइप जोडलेला. कुठं तोटी टाकीत मुद्दाम खाली बसवलेली, म्हणजे दाबानं पाणी जास्त येणार.

तिसरी युक्ती जुन्या भोकांची. घराचा मालक बदलला की नव्या मालकासाठी टाकीला नवीन भोक पाडायचं. जुनं बुजवायचं मात्र नाही. त्या जुन्या भोकातून येणारं पाणी कर्मचारी परस्पर विकायचे.

आणि चौथी सगळ्यात मोठी. रस्त्याच्या फरसबंदीखालून जाणाऱ्या पाइपांना शहरभर गुपचूप भोकं पाडली होती. या भोकांतून दुकानांना आणि धंद्यांना पाणी जायचं. या धंद्यावर देखरेख करणारा खास माणूसही होता आणि त्याचं नावच त्या भोकांवरून पडलं होतं. सरकारी पाणी, सरकारी पाइप आणि कमाई खासगी.

रस्ते खोदले, पाइप उपसले

फ्रॉन्टिनसनं मग कामाला हात घातला. चोरीच्या शाखा शोधून उपसून काढायला सुरुवात झाली. जमिनीखालून इतके चोरटे पाइप निघाले की त्यातून मिळालेल्या शिशाचा साठाच चोरी किती मोठी होती हे सांगायला पुरेसा होता. तोट्या तपासल्या गेल्या.

त्यानं नकाशे काढून घेतले. कोणती जलवाहिनी कुठल्या दरीतून जाते, कुठं नदी ओलांडते, डोंगराच्या कडेचा कोणता भाग सतत बघावा लागतो, हे सगळं त्यात होतं. या नकाशांमुळे प्रत्येक तक्रारीसाठी जागेवर धावायची गरज उरली नाही. पूर्ण जाळं समोर ठेवून निर्णय घेता यायला लागला.

मग तो माणसांकडे वळला. खात्यात दोन फौजा होत्या. एक २४० गुलामांची, जी सम्राट ऑगस्टसचा सहकारी अग्रिप्पा यानं उभी केली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर सरकारची झाली. दुसरी ४६० जणांची, सम्राट क्लाउडियसची. एकूण ७०० माणसं. त्यात मुकादम होते, टाक्या सांभाळणारे होते, गस्त घालणारे होते, फरशी उखडून पुन्हा बसवणारे होते, गिलावा करणारे होते. कागदावर ७००, पण मुकादमांच्या मेहरबानीनं त्यातले कितीतरी जण बड्या लोकांच्या खासगी कामांवर राबत होते.

फ्रॉन्टिनसनं नियम केला. उद्या कोणती टोळी काय करणार ते आज सांगायचं आणि रोज काय काम झालं त्याची नोंद ठेवायची. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटते, पण त्या खात्यात तोवर तीही होत नव्हती.

पैशाचाही प्रश्न होता. पाणीहक्कांपोटी येणारे वर्षाचे जवळपास अडीच लाख सेस्टर्स डोमिशियनच्या खासगी तिजोरीत जात होते. नर्व्हानं ते पुन्हा जनतेच्या तिजोरीत वळवले. त्यामुळे त्यातून सरकारी टोळीच्या खर्चाला हातभार लागला.

पाणी बंद न करता दुरुस्ती कशी करायची?

जुनी लाइन बदलताना सगळ्यात अवघड भाग कोणता, तर चालू शहराचं पाणी तोडता येत नाही. फ्रॉन्टिनसनं यासाठी लिहून ठेवलेले नियम बघितले तर आजचा कुठलाही पाणीपुरवठा अधिकारी मान डोलावेल.

पाणी बंद ठेवावं लागणारी कामं उन्हाळ्यात काढायची नाहीत, कारण तेव्हा मागणी सगळ्यात जास्त. वसंत किंवा शरद ऋतूत करायची. सगळं सामान आधी गोळा करायचं आणि मगच पाणी बंद करायचं, म्हणजे बंदचे दिवस कमीत कमी. एका वेळी एकाच जलवाहिनीला हात लावायचा. शहराजवळच्या शेवटच्या सात मैलांत विशेष काळजी घ्यायची, कारण तिथं एकाच बांधकामावरून अनेक जलवाहिन्या येतात आणि एक चूक झाली तर अर्धं शहर कोरडं पडेल. कमानीवरचा तुकडा दुरुस्त करायचा असेल तर तेवढ्यापुरता शिशाचा पाट टाकून पाणी वरून पुढं न्यायचं.

याच काळात बहुतेक हौदांना दोन वेगवेगळ्या जलवाहिन्यांचे नळ जोडले गेले. एक बंद पडली तर दुसरी चालू. झोपडीत राहणाऱ्या माणसाला सम्राटाची परवानगी मिळणार नव्हती. त्याचं सगळं या हौदावर अवलंबून होतं. म्हणून ही दुसरी तोटी महत्त्वाची.

अतिक्रमणाचाही नियम होता. कमानींच्या दोन्ही बाजूंना १५ फूट आणि जमिनीखालच्या पाटाच्या दोन्ही बाजूंना ५ फूट जागा मोकळी ठेवायची. झाडं नकोत, कारण मुळं बांधकाम फोडतात. घरं आणि थडगी नकोत. नियम फ्रॉन्टिनसच्या शंभरेक वर्षं आधीचा होता. पाळला जात नव्हता इतकंच.

ज्यांनी नियम मोडले त्या सगळ्यांना त्यानं फासावर लटकवलं का? नाही. कायद्यात १ लाख सेस्टर्सच्या दंडाची तरतूद होती, पण त्यानं बऱ्याच जणांना सम्राटाकडे रीतसर परवानगी मागायची संधी दिली आणि आपल्या ग्रंथात त्यांची नावं जाहीर केली नाहीत. चोरीचं कनेक्शन कायदेशीर झालं की ते मोजता येतं, हा हिशोब त्यामागे असावा.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की जणू नवे झरे सापडावेत तसं शहराचं पाणी वाढलं. नवीन जलवाहिनी न बांधता.

त्याचं चुकलं कुठं?

आता फ्रॉन्टिनसला डोक्यावर घ्यायच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी. त्याची मोजणी पक्की नव्हती. क्विनारिया हे पाइपाच्या तोंडाचं माप आहे. त्यातून किती पाणी जातं हे फक्त तोंडावर नाही, तर पाण्याच्या वेगावरही अवलंबून असतं. वेगामुळे फरक पडतो हे त्याला जाणवलं होतं, त्यानं तसं लिहिलंयही. पण वेग मोजायची रीत त्याच्याकडे नव्हती. त्यामुळे चोरीला गेलेल्या १०,००० क्विनारियांपैकी काही भाग प्रत्यक्षात मोजणीतलाच फरक असू शकतो, असं आजचे अभ्यासक मानतात.

शिवाय ही सगळी कहाणी त्याच्याच ग्रंथातून आपल्याला कळते. स्वतःच्या कामाचं वर्णन माणूस जरा चढवूनच करतो. पण जमिनीखालून निघालेलं शिसं आणि कागदावर न जुळणारे आकडे तर खरे होते.

देखभालीचं स्मारक होत नाही

पाण्याच्या खात्यात काम करत असतानाच फ्रॉन्टिनस इ.स. ९८ मध्ये दुसऱ्यांदा आणि इ.स. १०० मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल झाला, दोन्ही वेळा सम्राट ट्राजनसोबत. तीन वेळा कॉन्सल होणं हा त्या काळात राजघराण्याबाहेरच्या माणसासाठी फार मोठा मान होता. इ.स. १०३ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला.

रोममध्ये बडा माणूस गेला की मोठं स्मारक उभं राहायचं. फ्रॉन्टिनसनं आपलं स्मारक बांधायला मनाई केली होती. आयुष्य त्या लायकीचं असेल तर लोक आठवण ठेवतील, दगडावर खर्च कशाला, असा त्याचा विचार होता. हे आपल्याला त्याच्या ओळखीतल्या धाकट्या प्लिनीच्या पत्रातून कळतं.

या माणसाला जलवाहिन्या पिरॅमिडपेक्षा मोठ्या वाटायच्या, कारण पिरॅमिड कुणाच्या उपयोगाचे नाहीत आणि जलवाहिनी रोज कामाला येते. पण जलवाहिनी बांधणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलं जातं. ती गळू नये म्हणून फरशी उखडणाऱ्याचं, भोकं बुजवणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. त्या ७०० गुलामांपैकी एकाचंही नाव त्याच्या ग्रंथात नाही.

त्याचा ग्रंथ मात्र टिकला. मध्ययुगात इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात त्याची एक हस्तलिखित प्रत राहिली होती आणि १४२९ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या अभ्यासकाच्या ती हाती लागली. रोमच्या पाण्याबद्दल आज आपल्याला जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्या एका प्रतीमुळे. आणि फ्रॉन्टिनसनं मोजलेल्या ९ जलवाहिन्यांपैकी व्हिर्गो ही पुन्हा पुन्हा दुरुस्त होत आजही वाहते आहे. रोमच्या प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्याला तिचंच पाणी येतं.

आजही जुनी लाइन बदलायची म्हटलं की चर्चा पाइप कोणता घालायचा, टेंडर कितीचं, इथून सुरू होते. फ्रॉन्टिनसनं उलटीकडून सुरुवात केली. आलं किती, गेलं किती, मधलं कुठं मुरलं, हे त्यानं आधी शोधलं. हे न शोधता घातलेला नवा पाइप काही वर्षांनी जुना होतो आणि त्याच्या आडून पुन्हा तोच धंदा सुरू होतो.